उंबऱ्याला हात टेकून



मागच्या आषाढातली गोष्ट. रोवणी चालू होती. बाबा बांधीतून घरी आले, दारात थांबले, एक हात भिंतीला टेकला आणि एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातला गमबूट ओढायला लागले. बूट निघेना. बाबांनी जोर लावला. बूट एकदम निघाला आणि बाबा पायरीवर आपटले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

बाबांनी भरवेलीच्या मँगनीज खाणीत चौतीस वर्षं काम केलं, तेही जमिनीखाली. एवढ्या वर्षांत एक हाड मोडलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हसत सांगायचे, "खाली काही झालं नाही, आपल्याच दारात पडलो." आई हसत नव्हती. मीही पुण्याहून फोनवर ऐकत होते, मलाही हसू आलं नाही. कारण दारात एका पायावर उभे राहून बूट ओढणारे बाबा मी लहानपणापासून रोज बघत आले होते. तेव्हा ते पडत नव्हते, म्हणून आपल्यापैकी कुणाच्या मनात काही आलं नाही, एवढंच.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांचं प्लास्टर निघून बरेच दिवस झाले होते. पण मुठीत अजून पुरता जोर आला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी भाऊ मलाजखंडहून सुट्टीवर आला. तो तिथल्या तांब्याच्या खाणीत नोकरी करतो. आमच्या घरापासून नव्वदेक किलोमीटर. त्याचे बूट वेगळे, नाडीचे, पुढे लोखंडी टोपी असलेले. तो आमच्या सहा इंची पायरीवर बसला. गुडघे छातीशी, पाठीची कमान, आणि ओल्या नाड्यांची गाठ सोडवायला पाच मिनिटं. वय तिशीच्या आत, पण उठताना "आई गं" म्हणालाच. त्याच वेळी ठरवलं, परत जायच्या आधी या दाराशी बसायला काहीतरी करायचं.

आता जरा मागचं सांगते. आपल्या मंडळातल्या नव्या पिढीला कदाचित हे माहीत नसेल. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा भंडारा-नागपूरकडून इकडे आले त्यात नवल काही नव्हतं. १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूरच होती. आणि इथलं मँगनीज काढणारी ब्रिटिश कंपनी १८९६ साली सुरू झालेली. १९६२ मध्ये आपल्या सरकारच्या भागीदारीत मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉईल, उभी राहिली. तिचं मुख्यालय नागपूरला, आणि भरवेली, उकवा, तिरोडी या खाणी आपल्या जिल्ह्यात. भरवेलीची खाण आशियातली सर्वात खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. मलाजखंडची उघडी खाण १९८२ सालची. थोडक्यात काय, आपल्याकडच्या कित्येक घरांत दाराशी कामाचे बूट ठेवलेले असायचेच.

मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींना सांगितलं की त्यांना वाटतं, बूट म्हणजे बूट. तसं नाही. खाणीत डोक्याला हेल्मेट आणि पायात संरक्षक बूट हवेतच, हा १९६१ च्या खाण नियमावलीतला नियम आहे. भावाच्या बुटाच्या टोपीला २०० ज्यूलचा मार सोसावा लागतो. म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून बोटांवर पडलं तरी बोटं वाचायला हवीत. असा बूट हलका कसा असेल? आणि जिथे पाणी साचतं तिथे गमबूट. बाबांनी जन्मभर तेच घातले, आणि रिटायर झाल्यावर धानाच्या बांधीतही तेच. (चिन्नोर लावतात. आपल्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाबांचा भाव जरा वाढलाय.)

गमबूट निघत नाही त्याचं कारण साधं आहे. मोजा ओला होऊन रबराला चिकटतो. पाय वर ओढला की खाली पोकळी होते, पण आत शिरायला हवेला वाट नसते. त्यामुळे आपण जितक्या जोरात ओढू तितका बूट पाय धरून ठेवतो. अशा वेळी टाच घट्ट धरून पाय हळूहळू वर काढला, की कडेने हवा शिरते आणि बूट सुटतो. म्हणजे हवी असते ती टाच धरणारी एखादी वस्तू. बाबा चौतीस वर्षं तिच्या जागी स्वतःचा दुसरा पाय वापरत होते.

मी विचारलं, "बाबा, आजोबा काय करायचे?"

"काय करायचे म्हणजे? ओसरीवर बसायचे."

बाबांच्या या उत्तरावर मी बराच वेळ विचार करत राहिले. आमचं जुनं मातीचं घर तुमच्यापैकी काहींनी पाहिलेलं असेल. त्याची ओसरी अंगणापासून गुडघाभर उंच होती. बाहेरून आलेला माणूस तिच्या कडेवर टेकायचा, पाय अंगणातच, वहाणा तिथेच सोडायच्या, आई तांब्या पुढे करायची, पाय धुऊन मग वर. म्हणजे बसायची जागा घरातच बांधलेली होती, वेगळं फर्निचर लागतच नव्हतं. जपानी घरांत दाराशी जोडे काढायची खालची जागा आणि आत चढायची पायरी असते, तीही बरीचशी अशीच. आपण सिमेंटचं घर बांधलं तेव्हा ओसरी गेली आणि सहा इंचाची पायरी आली. बैठकीत सोफा आला, शोकेस आली. पाहुण्यांच्या बसण्याची सोय झाली. कामावरून येणारा माणूस मात्र दारात उभाच राहिला.

आईने पडल्यानंतर दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून पाहिली होती. बाबा तिच्यावर बसले नाहीत. एक तर गमबूट ओढताना ती मागे सरकते. दुसरं कारण बाबांनी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं. ती आजारी माणसासाठी ठेवलेली खुर्ची होती. म्हणून मी युक्ती केली. म्हटलं, "भावाच्या पाठीसाठी बाकडं करायचंय. मला येत नाही, तुम्ही सांगाल तसं मी करीन." भावाला डोळ्याने खुणावलं. बाबा लगेच उठले आणि टेप शोधायला लागले. पुढे आईकडून कळलं की बाबा तिला म्हणाले होते, "पोरीला काहीतरी हाताने करायची हौस आहे, करू दे." म्हणजे मी त्यांची समजूत घालत होते आणि ते माझी.

सगळ्यात आधी माप. बाजारातली खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. ती सगळ्यांसाठी, म्हणून नेमकी कुणासाठीच नसते. माप असं घ्यायचं: बूट घालून बसायचं, गुडघा काटकोनात ठेवायचा आणि गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत मोजायचं. बाबांचं ४६ आलं. गुडघे दुखत असतील तर बैठक त्याहून तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवावी, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. आम्ही ५० ठरवली. "भावासाठी" चाललेल्या बाकड्याचं माप बाबांच्या पायाचं का घेतलं, हे कुणी विचारलं नाही.

लांबी १०५, म्हणजे एक माणूस आणि शेजारी त्याचा डबा-हेल्मेट. खोली ३८. आणि दोन्ही बाजूंना हात हवेत. हे हात शोभेचे नव्हेत. बाबांच्या वयात बूट काढण्यापेक्षा काढून झाल्यावर उठणं जास्त अवघड असतं. त्यासाठी हात टेकून उठता येईल असं काहीतरी लागतं.

लाकडाचा प्रश्न नव्हता. जुनं घर पाडलं तेव्हा माजघराच्या दाराच्या फळ्या आणि चौकट काकांनी गोठ्यात ठेवून दिली होती. सागवान, काळं पडलेलं, पण आतून खणखणीत. जुनं लाकूड आरामशीनवर न्यायच्या आधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आम्हाला त्यात अकरा खिळे सापडले. एक जरी राहिला असता तरी करवतीचे दात गेले असते.

आणि इथेच आई आडवी आली. चौकटीत उंबरा होता. त्याच्यावर आजीने आयुष्यभर हळद-कुंकू वाहिलेलं. आईने माप ओलांडून घरात पाऊल टाकलं ते त्याच उंबऱ्यावरून. "त्याच्यावर तुम्ही चिखलाचे जोडे ठेवणार?" आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच आम्ही गप्प झालो. बाबा म्हणाले, "त्या जोड्यांनीच तर पोरं शिकली." आई म्हणाली, "मी कुठे नाही म्हणते? पण उंबरा तो उंबरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिनेच तोड काढली. "उंबऱ्यावर पाय देत नाहीत. हात टेकायला काय हरकत आहे?"

मग उंबरा मधोमध कापून त्याचे दोन्ही बाजूंचे हात केले. दाराच्या फळ्यांची बैठक झाली. जोडे ठेवायच्या फळीला बाहेरून साधं लाकूड आणलं. आता बाकड्यावरून उठायचं तर उंबऱ्याला हात लावूनच उठावं लागतं. आईला हे पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पायांचे जोड आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडून करून घेतले. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवायचं, त्याला आमच्याकडचे सुतार चूल म्हणतात. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आता अंगणात चूल कशाला मांडता?" तेव्हापासून घरात हा विनोद चालू आहे. जोड मात्र हाच हवा. नुसत्या स्क्रूवर उभं केलेलं बाकडं रोजच्या ओढाओढीने वर्षभरात हलायला लागतं. बाकी फळ्या कापणं, रंधा मारणं, काचपेपरने घासणं हे मी केलं. बाबा डाव्या हाताने पेन्सिलीच्या रेघा मारत होते. रेघ वाकडी आली की माझ्याकडे न बघता पुसून पुन्हा मारत.

आता बूट काढायची फळी. परदेशात घोडेस्वारांचे आणि गुराख्यांचे उंच बूट काढायला अशी फळी फार पूर्वीपासून वापरतात. तीस मिलिमीटर जाड, ४० सेंटिमीटर लांब फळी. पुढच्या टोकाला टाच बसेल अशी खाच. खाचेच्या मागे खालून एक आडवं लाकूड, म्हणजे पुढचं टोक सहा सेंटिमीटर उचललेलं राहतं. टाच खाचेत अडकवायची आणि पाय वर काढायचा. साधारणपणे ही फळी उभ्याने वापरतात, दुसरा पाय तिच्या मागच्या टोकावर देऊन. पण आम्हाला तर उभं राहणंच टाळायचं होतं. म्हणून तिचं मागचं टोक बाकड्याच्या खालच्या आडव्या पट्टीखाली अडकवलं. बसल्या बसल्या फळी पुढे ओढायची, टाच अडकवायची, दोन्ही हात उंबऱ्यावर आणि गुडघा वर. फळी उचलली जायला बघते, पण पट्टीला अडते, आणि बाकड्यावर तर माणसाचंच वजन असतं. काम झालं की फळी पायाने आत सरकवायची, म्हणजे अंधारात कुणी ठेचकाळत नाही. मागच्या टोकाला एक बोल्ट आहे, त्यामुळे ती पूर्ण बाहेर येत नाही.

हे पहिल्या फटक्यात जमलं असं समजू नका. खाच मी आधी सात सेंटिमीटर रुंद केली होती. त्यात गमबुटाची टाच शिरेचना. मग नऊ केली आणि कडांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला, म्हणजे रबर कापत नाही आणि पकडही बसते. दुसरी चूक, बाकडं गुळगुळीत फरशीवर ठेवलं. भावाने पाय ओढला आणि तो बाकड्यासकट पुढे आला. बाबा त्या दिवशी मनापासून हसले. शेवटी पायांखाली टायरचे तुकडे ठोकले.

नाडीच्या बुटांना ही फळी नको, त्यांना पाय वर ठेवायला जागा हवी. वीस सेंटिमीटर उंचीचा एक चौकोनी पाट केला. त्याच्यावर पाय ठेवला की गाठ हाताजवळ येते, पाठ वाकवावी लागत नाही. नाडीचा बूट खाचेत अडकवून ओढू नका, तो टाचेशी फाटतो. आधी नाडी पूर्ण सैल करायची, मगच काढायचा.

बाकड्याच्या डाव्या अंगाला हातभर उंचीच्या चार खुंट्या आहेत. गमबूट धुऊन त्यांच्यावर उलटे घालायचे. पाणी निथळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बुटात विंचू, बेडूक, क्वचित सापाचं पिल्लूही सापडतं, ती भीतीही कमी होते. तरीही घालायच्या आधी बूट आपटायची सवय सोडू नका. खुंटी म्हणजे काही गारुडी नव्हे. ओले बूट चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवले तर रबराला चिरा पडतात आणि चामडं कडक होतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, भिजले की बदलायचे. बोटांच्या बेचक्याही कोरड्या करायच्या. पावसाळाभर ओल्या मोज्यांत पाय ठेवले की चिखल्या होतात, हे धान लावणाऱ्या माणसाला सांगायला नको. आता बसायला जागा आहे म्हटल्यावर पाय पुसायलाही सवड मिळते.

शेवटी जवसाचं तेल. वॉर्निशला चिखलाच्या बुटांचे ओरखडे पडतात, तेलाला पडत नाहीत. पडले तरी पुन्हा एक हात मारला की झालं. पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा. एक गोष्ट मात्र जपा. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

माझ्या सुट्टीचे दिवस संपले तेव्हा तेलाचा दुसरा हात वाळत होता. बाकड्यावर बसलेले बाबा मी पाहिलेच नाहीत. मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "तुझे बाबा बाहेर बसलेत."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? बांधीतून आले, बूट काढले, बसलेत. अर्धा तास झाला. चहा तिथेच मागितला."

आजोबा ओसरीवर असेच बसायचे म्हणे. बाहेरून आल्यावर लगेच आत नाही यायचे, कुणाशी दोन शब्द बोलायचे, रस्त्याकडे बघायचे, मग पाय धुऊन घरात. चौतीस वर्षं बाबांना ती जागा नव्हती. दारात बूट ओढायचे आणि तसेच न्हाणीकडे जायचे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आता खाण नसेल, शेतीही नसेल. पण दारात एका पायावर उभं राहून बूट, सँडल, चप्पल काढणारं कुणीतरी असेलच. या वेळी घरी जाल तेव्हा मिठाईच्या डब्यासोबत टेपही न्या. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना बूट घालून बसवा आणि आधी गुडघ्याची उंची मोजा. सुतार मिळेल, लाकूड मिळेल, बाकी सगळं जमतं. माप मात्र फोनवरून घेता येत नाही.

आणि त्यांनी "मला कशाला, मी काय म्हातारा झालो?" असं विचारलं, तर सांगा, भावासाठी करतोय.